कॉन्फिग फाइल सोपी करा, सामान्य माणसाला सुखी करा

तुमच्या सॉफ्टवेअरमधली शेकडो सेटिंग्ज कुणाला कळत नाहीत, अशी कुरकुर साहेबांपर्यंत पोचली आहे? घाबरू नका. सेटिंग्ज कमी करण्याचा अघोरी विचार मनात आणू नका. फक्त पुढच्या पायऱ्या पाळा.

१. आधी एक 'सामान्य वापरकर्ता' ठरवून टाका. त्याला भेटायची गरज नाही. शेजारच्या खुर्चीतला, कॉलेजपासून लिनक्स वापरणारा सहकारी चालेल.

२. सेटिंग्जची फाइल यॅमल या स्वरूपात आणा. कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत, कुणीही वाचावं. अर्थ फक्त डावीकडच्या मोकळ्या जागेला असतो, आणि ती स्पेसबारनेच सोडायची. टॅब दाबलात की फाइल रुसली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्याला कोण काय करणार! देशांच्या यादीत नॉर्वेचा कोड 'एनओ' लिहिलात, तर यॅमलच्या १.१ आवृत्तीचे नियम त्याला सरळ नकार समजतात आणि नॉर्वे गायब. पुण्याचा एसटीडी कोड ०२० लिहून बघा. पुढचं शून्य दिसताच तो आकडा अष्टमान पद्धतीनं वाचला जातो आणि हाती १६ येतात. मुंबईच्या ०२२ चे १८ होतात. (पुणेकरांनी यावरून वाद घालू नये.) २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीनं नॉर्वे परत दिला, पण जुने नियम पाळणाऱ्या लायब्रऱ्या अजून सुखानं नांदताहेत. तोवर वापरकर्त्याला सांगा, 'सगळं अवतरणचिन्हांत लिहीत जा.' हो, आपण काढून टाकली तीच.

३. यॅमल नको? जेसन हे दुसरं स्वरूप घ्या. त्यात कॉमेंट लिहायची सोयच नाही, म्हणजे समजावून सांगायची कटकट मिटली.

४. फाइल हाताबाहेर गेली, तर तिला जन्म देणारी दुसरी फाइल काढा. आदर्श म्हणून सेंडमेल डोळ्यांपुढे ठेवा. ईमेल पोचवणाऱ्या या सॉफ्टवेअरची मूळ फाइल म्हणजे चिन्हांचा नुसता चिखल. म्हणून लोकांसाठी 'एम-फोर' या मॅक्रो भाषेत सोपी फाइल लिहायची सोय झाली. तिच्यात अवतरण उघडतं बॅकटिकनं, मिटतं साध्या अपॉस्ट्रॉफीनं, आणि ओळीच्या शेवटी 'डीएनएल' लिहायचं. सेंडमेलवरचं ओरायली प्रकाशनाचं पुस्तक मात्र हजार पानांच्या वर गेलं.

५. भीती घाला. फायरफॉक्सची आतली सेटिंग्ज उघडताना पूर्वी वॉरंटी रद्द होऊ शकते असा इशारा यायचा आणि काळजी घेण्याचं वचन दिल्यावरच आत सोडायचे. ब्राउझर फुकट होता, हा तपशील गौण.

६. एवढं करूनही फोन आलाच, तर मायेनं विचारा, 'बदल करण्याआधी जुन्या फाइलची कॉपी ठेवली होती ना?' बहुतेक फोन तिथेच संपतात.