सडपातळ, गव्हाळ आणि निर्दोष

व्यक्तिचित्रं लिहिणाऱ्या माणसाने चोरीचा साक्षीदार होऊ नये. पुण्यातल्या एका कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांत, एका गृहस्थाने माझ्या डोळ्यांदेखत माझी नवी कोल्हापुरी पायात सरकवली आणि तो शांतपणे जिना उतरला. भटजी तार स्वरात ‘सावधान’ म्हणत होते, पण ते नवरदेवासाठी असावं अशी माझी समजूत. हातात अक्षता, त्यामुळे ओरडताही येईना.

चेहरा मात्र नीट पाहिला होता. गाठ लेखकाशी आहे, म्हटलं. पंगत बसेपर्यंत जो भेटेल त्याला मी वर्णन ऐकवत सुटलो. सडपातळ, गव्हाळ, सरळ नाक, कपाळावर विचारी आठी, ओठांवर कर्जबुडव्याचं हसू. पहिल्या माणसाला दोन वाक्यांत सांगितलं होतं. मुलीच्या काकांपर्यंत त्याचा परिच्छेद झाला. मठ्ठा वाढणाऱ्यालाही सोडलं नाही.

जिलबीच्या दुसऱ्या फेरीला तो समोरच्या पंगतीत दिसला. सडपातळ. गव्हाळ. आठी. मी तडक जाऊन मनगट धरलं आणि म्हणालो, “चप्पल काढा!”

ते मुलीचे सख्खे मामा निघाले. चप्पल गेली त्या क्षणी ते मुलीच्या पाठीशी, अंतरपाटाजवळ, दोनशे माणसांसमोर उभे होते. व्हिडिओत आहेत. शिवाय पायात लेसचे बूट होते. ते मला दिसले नाहीत, कारण पायांचं वर्णन मी केलंच नव्हतं.

“तुम्ही गप्प बसला असतात तर बरोबर ओळखलं असतंत,” बायको म्हणाली. पहिला अर्धा भाग ती एरवीही म्हणते. पण मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीने उरलेल्या अर्ध्यालाही पुरावा दिला. जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंग्स्टलर-स्कूलर यांचा १९९० सालचा प्रयोग आहे म्हणे. लोकांना बँकेवरच्या दरोड्याची फिल्म दाखवली. काहींना दरोडेखोराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहायला लावलं, बाकीच्यांना भलतंच काम दिलं. मग आठ चेहऱ्यांतून त्याला ओळखायचं. न लिहिणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांनी ओळखला, लिहिणाऱ्यांपैकी फक्त ३८ टक्क्यांनी! २०१४ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला. फरक मूळच्यापेक्षा कमी निघाला, पण ओळखायच्या अगदी तोंडावर केलेलं वर्णन जास्त नडतं हे दिसलं. मी तर जिलबी येईपर्यंत बोलत होतो.

असं का होतं? ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली वर्किंग मेमरीची जी मांडणी केली, तिच्यात शब्द घोळवायची जागा वेगळी आणि चित्र धरून ठेवायची वेगळी. दोन्ही जागा बेताच्याच. चेहरा आपण अख्खा ओळखतो. सांगताना मात्र त्याचं नाक, कपाळ, ओठ सुटं करतो. आणि सुटे भाग कुणालाही बसतात, मामांनासुद्धा. त्यात नाव दिलं की संपलंच. १९३२ साली कारमायकेल, होगन आणि वॉल्टर यांनी रेघेने जोडलेली दोन वर्तुळं दाखवून काहींना ‘चष्मा’ सांगितलं, काहींना ‘डंबेल’. नंतर आठवून काढताना अनेकांचं चित्र त्या त्या शब्दाकडे झुकलं. मीही ‘कर्जबुडवा’ म्हणून बसलो होतो.

मी भाचीला म्हटलं, “पण माझा तर वर्णनाचाच धंदा आहे!” त्यावरही तिच्याकडे १९९६ सालचा वाईनचा प्रयोग होता. चवीचं वर्णन केल्यावर पुढच्या पेल्यात गोंधळ झाला तो नेहमी पिणाऱ्या, पण चाखण्याचं शिक्षण नसलेल्यांचा. शिकलेल्या जाणकारांचं काही बिघडलं नाही. म्हणजे ज्याला त्या विषयाची भाषा खरोखर येते, तो वाचतो. हे सांगताना ती माझ्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकांकडे का बघत होती, कळलं नाही.

पुढच्या महिन्यात मामांच्या नातवाची मुंज आहे. पत्रिका बायकोच्या एकटीच्या नावाने आली आहे.