टाक्यावरची जकात

जीन्स नेमकी कितपत परदेशी, हे ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत अमेरिकेच्या १९६३ च्या जकात-कोष्टकात, ८०७ व्या कलमात सापडते. कापड अमेरिकेत बेतलेलं, बटण अमेरिकेचं, चेन अमेरिकेची, फक्त शिलाई बाहेरची. अशी जीन्स परत आली की अमेरिकी भागांची किंमत वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर शुल्क लावायचं. १९६५ मध्ये मेक्सिकोने सीमेलगत असे कारखाने काढायची मुभा दिली. अमेरिकेतल्या एल पासोत बेतलेले तुकडे सीमेवरच्या नदीच्या पुलावरून मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेझला जाऊ लागले आणि जीन्स होऊन परतू लागले.

आता टाक्याकडे नीट पाहावं. दोराही अमेरिकी असेल, तर परकी उरते ती सुईची खालीवर हालचाल. तिची किंमत म्हणजे मुख्यतः शिवणारीची मजुरी. मजुरी कमी, तर मूल्यातली भर कमी; भर कमी, तर शुल्क कमी. मजुरीत चार पैसे वाढवले की त्या चार पैशांवरही जकात. बाईला अर्धपोटी ठेवा आणि वर सवलत घ्या, असं कलमात कुठेही लिहिलेलं नाही. हिशेब मात्र तोच निघतो. तिने शिवलेला खिसा पूल बिनबोभाट ओलांडतो. तिला त्याच पुलावर कागद दाखवावे लागतात, कारण खिसा पगारवाढ मागत नाही.

१९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापार करार आला, शुल्क टप्प्याटप्प्याने संपलं आणि बेतणीही पलीकडे गेली. एल पासोत हजारोंचं काम सुटलं. त्यात बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या बाया. कित्येकींनी कामासाठी जी नदी ओलांडली होती, तीच ओलांडून काम परत गेलं. त्यावर उतारा म्हणून पुनर्प्रशिक्षण! अर्धं आयुष्य मशीनवर काढलेल्या बाईला इंग्रजीच्या वर्गात बसवलं. इतकी वर्षं इंग्रजीवाचून तिचा एक टाका अडला नव्हता. कारखाना उचलून नेणाऱ्याला मात्र कुणी कसल्या वर्गात बसवल्याचं ऐकिवात नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. मेक्सिकोतल्या तोर्रेऑनला जीन्सची भरभराट झाली. २००५ च्या १ जानेवारीला कापडव्यापारातली जागतिक कोटापद्धत संपली आणि बरंच काम आशियात गेलं. बांगलादेशात शिवणकामगारांचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना ८,००० वरून १२,५०० टका झालं. तेव्हाही इथियोपियाने खासगी कारखान्यांसाठी किमान वेतन ठरवलेलंच नव्हतं, आणि तिथल्या हवासाची कपडे शिवणारी औद्योगिक वसाहत तर २०१६ मध्येच उभी राहिली होती.