काय म्हणाला तो?

खोक्यावर ठळक अक्षरांत 'वायरलेस' लिहिलं होतं आणि खोक्यातून सगळ्यात आधी बाहेर आली ती वायर. मग दुसरी, मग तिसरी. शेजारी मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, "बिनतारी म्हणालास ना?" मी तिला समजावलं, की स्पीकरपर्यंत आवाज हवेतून येतो खरा, पण तो वाजायला वीज लागते, आणि वीज काही हवेतून येत नाही. "म्हणजे उपास, पण खिचडी, रताळी, वऱ्याचे तांदूळ खाऊन," आई म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

आमच्या पंधरा बाय अकराच्या हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीवर पॉइंटची रेलचेल आहे. हे दोन स्पीकर लावायचे त्या मागच्या भिंतीवर मात्र एकच, आणि त्यावर देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब. देवाला अंधारात बसवून आम्ही पाठीमागून सिनेमातलं हेलिकॉप्टर ऐकत बसावं, हे घरात कुणालाच पटलं नसतं. शेवटी तपकीर गल्लीतून लांब दोरीचा एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि सतरंजीखालून सोफ्याच्या मागे नेला. स्पीकरची बारीक वायर टाळायची म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि मग विजेची जाड वायर घरभर फिरवायची, हा मान आमच्या घराण्यात मीच मिळवला.

मग जोडाजोडी. मागचं बटण दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुकायला लागतो, तो स्थिर झाला की जमलं. डावा स्पीकर पहिल्याच झटक्यात जमला. उजवा जमायचा, दोन मिनिटं नीट वागायचा आणि अचानक खरखरायचा. कारण चिरंजीवांनी शोधलं: आत मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम होत असलं की हा घसा धरतो. मायक्रोवेव्ह, वायफाय आणि आमचा स्पीकर, तिघांचाही कारभार २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. एका नळावर तीन बिऱ्हाडं! वायफायला ५ गिगाहर्ट्झवर धाडलं, दूध गॅसवर तापू लागलं आणि नळावरची भांडणं मिटली.

चाचणीसाठी यंत्रात एक बाई असते. ती एकेका स्पीकरमधून आपण कुठे आहोत ते इंग्रजीत सांगते. मागच्या कोपऱ्यातून ती बोलली तशी आई पदर सावरत दाराकडे गेली. दाराबाहेर कुणी नव्हतं. शिवाय बाई उजवीकडून बोलून 'लेफ्ट' म्हणत होती. मी डावा-उजवा उलटा जोडला होता.

या सगळ्या उद्योगाचं मूळ, असं सांगतात, एका नवरा-बायकोच्या सिनेमाला जाण्यात आहे. १९३१ साली, म्हणजे मुंबईत मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला त्याच वर्षी, इंग्लंडमधला ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला. माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं. नटामागोमाग आवाजही चालत जाईल अशी युक्ती सुचल्याचं त्यानं बायकोला सांगितलं आणि डिसेंबरात पेटंटचा अर्जही केला. त्या माउलीला उरलेला सिनेमा धड बघता आला की नाही, याची नोंद मात्र माझ्या वाचनात नाही.

शेवटचं काम मोजमापाचं. इवलासा माईक ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, घरानं श्वास रोखायचा, मग यंत्र प्रत्येक स्पीकरमधून शीळ घालून अंतरं मोजतं. गोम अशी, की हा थाट एकाच डोक्यासाठी असतो आणि आमच्या घरात डोकी पाच. पुस्तिकेतल्या चित्रात तो भाग्यवान सोफ्याच्या मधोमध एकटाच बसलेला आहे. त्याला आई-वडील नसावेत.

आमचे अण्णा बसतात उजव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत. ती खुर्ची हलत नाही. त्यांचा उजवा कान बरीच वर्षं संपावर आहे, म्हणून आईची खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला. टीव्ही चालू असला की दर दोन मिनिटांनी अण्णा विचारतात, "काय म्हणाला तो?" आणि आई सांगते, "शेत विकणार म्हणतोय. विकतोय कसला! बायको सही करेल तेव्हा ना." पहिलं वाक्य लेखकाचं, उरलेली आईची.

मी माईक अण्णांच्या खुर्चीत ठेवला, खाली जुन्या दिवाळी अंकांची चवड लावून. पहिल्या खेपेला कुकरनं शिट्टी दिली, यंत्र गोंधळलं, पुन्हा पहिल्यापासून. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे फूटभर जायला साधारण एक मिलिसेकंद. अण्णांच्या खुर्चीपासून मागचा उजवा स्पीकर तीन फुटांवर आणि पुढचा डावा चौदा फुटांवर. तेव्हा यंत्रानं काय केलं, तर जवळच्याला दहाएक मिलिसेकंद थोपवलं आणि त्याचा आवाजही उतरवला. कारण कान भोळा असतो. आधी पोचेल त्या आवाजाच्याच दिशेला तो सारं श्रेय देऊन मोकळा होतो. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रयोगांनी हे दाखवलं. जवळच्यानं दम धरायचा, लांबच्याचा शब्द पोचेपर्यंत. एवढं साधलं तर एकत्र कुटुंबसुद्धा चालतं.

संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून तो मी चांगला तीन-चार घरं वर चढवला. सोफ्यावरच्या आम्हा तिघांना जग थोडं तिरकं ऐकू येणार होतं. चालायचंच.

रात्री सिनेमा लावला. अर्धा तास झाला, अण्णांनी एकदाही विचारलं नाही. मी हिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. हिनं डोळ्यांनीच आईकडे बघायला सांगितलं. आई गप्प होती. दोनदा तिनं अण्णांकडे मान वळवली, तोंड उघडलं आणि मिटलं. मग शेंगा सोलायला घेतल्या.

तेवढ्यात पडद्यावरचा नायक काहीतरी पुटपुटला. पुटपुटला म्हणजे काय, स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही ऐकू गेलं असेल. अण्णा डावीकडे झुकले.

"काय म्हणाला गं तो?"

आईनं शेंगा खाली ठेवल्या आणि सांगायला सुरुवात केली. तो जे म्हणाला होता त्यातलं तिच्या सांगण्यात काहीही नव्हतं. अण्णा मान डोलावत होते.

मी रिमोट उचलला आणि मधला स्पीकर हळूच चार घरं खाली आणला.