खाचरावर झोका आणि झोक्यावर सूनबाई!

ऐकलंत का? बी विंगमधल्या नव्या सूनबाई बालीला जाऊन आल्या. आणि तिथे बघितलं काय, तर भाताची खाचरं! अहो, सासऱ्यांची महाडजवळ डोंगरउतारावर तीस गुंठे खाचरं आहेत. तिथे लावणीला बोलावलं, तर म्हणे पायाला चिखल्या होतात. उबुदजवळच्या तेगालालांगला मात्र पहाटे उठून रांगेत हजर! रांग तरी कशाची? झोक्याची! उंच माडांना बांधलेला झोका, खाली हिरव्यागार पायऱ्या आणि अंगावर भाड्याचा लालभडक झगा. त्याचा घोळ एवढा लांब की आपल्या दोन नऊवारी निघाव्यात. झग्याचे पैसे वेगळे, झोक्याचे वेगळे. नवरा बिचारा फोन धरून उभा. मी सगळे फोटो पाहिले. भात कुठेच नाही, नुसता झगा!

बरं, त्या पायऱ्यांवर पाणी काय आपसूक उतरतं? ते वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या आहेत, त्यांना 'सुबक' म्हणतात. हसू नका, नाव खरंच सुबक आहे! पाण्याची देवळं असतात, कुणी कधी लावणी करायची ते तिथल्या सणवारांच्या हिशेबाने ठरतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम शेतं रिकामी ठेवली की किडीची उपासमार. 1970च्या दशकात सरकार म्हणालं, नवं बियाणं घ्या, पिकावर पीक काढा. झालं! किडीने ताव मारला. भाताच्या देवीचं नाव देवी श्री, म्हणजे तीही आपल्या ओळखीतलीच. युनेस्कोने 2012मध्ये जागतिक वारशाचा मान दिला तो या सुबकांना. झोक्याला नव्हे.

आणि खरी खमंग गोष्ट तर पुढेच आहे. वारशाच्या यादीतल्या जतिलुविहमध्ये 2025च्या अखेरीस खाचरांतली बेकायदा उपाहारगृहं सरकारने बंद करायला घेतली. पोटावर पाय आला म्हणून शेतकरी असे भडकले की त्यांनी भातात चक्क पत्रे उभे केले! घ्या आता फोटो. मला विचाराल तर त्या पत्र्यांचाच फोटो मी आधी काढला असता.

तुम्हीही जाणार असालच, माहीत आहे मला. झगा घाला, झोका घ्या, पण बांधाच्या कडेवर पाय देऊन तो ढासळवू नका. बांध फोडणाऱ्याला महाडात ज्या शिव्या पडतात, त्या बालीतही पडत असणार. फक्त तुम्हाला कळणार नाहीत.