वेगळं घ्या!

मंद्याला तुम्ही ओळखता. तुमच्याही जिन्यात तो आहेच. आपण हौसेनं काही विकत आणावं आणि याने खोकं उलटसुलट करून ‘अरेरे’ म्हणावं.

त्या दिवशी माझ्या हातात मुलासाठी घेतलेला गेमिंग हेडसेट होता.

“काका, दिव्यांचे पैसे दिलेत तुम्ही. कानाबाहेरचा दिवा घालणाऱ्याला दिसतो का? हेडफोन वेगळा घ्या, माइक वेगळा घ्या. एक गेला तरी दुसरा राहतो.”

दुसऱ्या दिवशी हेडसेट परत करून आम्ही तपकीर गल्लीत. हजाराच्या आतला साधा हेडफोन, सहा मीटर वायरचा कॉलर माइक आणि लॅपटॉपला भोक एकच म्हणून स्प्लिटर. रिक्षा धरून हेडसेटच्या वर दोनशे गेले. घरी आल्यावर माइक मुका! मंद्याने पिन माझ्या नाकाशी धरली. “रेघा मोजा काका. हिला काळ्या रेघा तीन, म्हणजे ही मोबाइलची. स्प्लिटरला दोनवाली लागते.” मग कन्व्हर्टर. अर्थात, वेगळा घ्यायचा.

मिसळ खातानाही याचं फरसाण वेगळं, तर्री वेगळी. शाम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत बघून याने दुकानदाराला अर्धा तास सुनावलं होतं. ‘पार्किंगसह फ्लॅट’ म्हटलं तरी याचा चेहरा पडतो.

त्याचा स्वतःचा माइकही तसलाच, चहूबाजूंनी ऐकणारा. रात्री हा व्हॅलरंट गेममध्ये ‘स्पाइक बी साइटला!’ ओरडायचा आणि मागून त्याची आई, नंदावहिनी, “मंद्या, लसूण सोल.” फोडणी, मिक्सर, भांडी, सगळं थेट प्रक्षेपण. संघातला इंदूरचा एक गडी तिसऱ्या शिट्टीला न चुकता सांगायचा, “भैया, गैस बंद करो.” भिंतीपलीकडून मी हे वर्षभर ऐकलं आणि वर्षभर वैतागलो.

जूनमध्ये मंद्या नोकरीला हैदराबादला गेला. जिना शांत झाला. परवा नवीन मिक्सर घेऊन आलो, खोकं हातात धरून उगाच दोन मिनिटं त्याच्या दाराशी रेंगाळलो. कोणी ‘अरेरे’ म्हटलं नाही. तेवढ्यात नंदावहिनींनीच दार उघडलं. पदराला कॉलर माइक, वायर स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, टीव्हीपाशी ठेवलेल्या जुन्या मोबाइलपर्यंत. हेडफोन तो घेऊन गेला, हा मात्र राहिला.

“बरं झालं भावजी, आलात. रेघा तीनच आहेत ना बघा. त्याला जेवताना घरातलं ऐकायचं असतं.”

मी मोजल्या. तीन होत्या.

“आणि तो काय म्हणतो?”

“ही पिन खुपसली की फोनचा आवाजच जातो. मला काही ऐकू येत नाही त्याचं.” त्या ओट्याकडे वळल्या. “त्याला माझं येतं.”

कुकरची शिट्टी झाली. बहुधा तिसरी.