वरण न शिजण्याचे भूगर्भशास्त्र

मराठवाड्यातील कंधार परिसर दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला असल्याने, त्या खडकाच्या फटींतून झिरपत बोअरमध्ये उतरणारे पाणी वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते आणि दुष्फेन, म्हणजे साबणाला सहजी फेस येऊ न देणारे, होऊन घरात शिरते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार अशी कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याची सोय आहे. दुसरा स्रोत नसण्याची ही पात्रता मराठवाड्याने मोठ्या निष्ठेने टिकवली आहे.

या पाण्यात तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्या संपल्या तरी दाणा सोडत नाही, कारण डाळीतील पेक्टिन या चिकट द्रव्याला कॅल्शियम आवळून धरते. दोष मात्र रीतीप्रमाणे आधी दुकानदाराला, मग कुकरच्या रिंगला आणि अखेरीस सुनेला दिला जातो, आणि चिमूटभर खाण्याच्या सोड्याने प्रकरण मिटते. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, कठीणता जागची हलत नाही. आरओ यंत्र, म्हणजे दाबाखाली पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळणारे साधन, क्षार खरोखरच काढते, पण हंडाभर गोड पाण्यासाठी बहुधा त्याहून अधिक खारट पाणी मोरीत सोडते, आणि मुळात पाणी भरायलाच टँकरमागे धावलेले घर हा हिशेब कधी मांडत नाही.

पावसाचे, मुळातच मृदू, पाणी अडवणारा जगत्तुंग समुद्र हा तलाव कंधारात राष्ट्रकूटकाळापासून आहे. त्या राजांना बोअरची गाडी वेळेवर मिळाली नसावी.