साक्षात परमेश्वर जोन्स

अहो वहिनी, रविवारी टॅलिएसिन बघून आलात म्हणे! काय काय बघितलंत? … बरं. म्हणजे वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या त्या घराच्या खिडक्या बघितल्या, ती बुटकी छतं बघितली, फोटो काढले नि आलात परत. आणि खाली दरीत ते छोटं युनिटी चॅपल आहे, तिकडे वळलातच नाही? अहो, सगळं आजोळ तिथं मातीत आहे त्याचं! घर काय, तिकीट काढलं की कुणीही दाखवतं. कबरी मात्र आपल्या आपणच वाचाव्या लागतात.

हसू नका. भूमी अभिलेखात उभी हयात गेली माझी. माणूस गेल्याचं कळलं की आमच्या तोंडात ‘अरेरे’च्या आधी ‘वारस कोण?’ यायचं. ती खोड काही जात नाही. इथं अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला लेकीकडे येऊन बसले, ती दिवसभर कामावर, पोरं शाळेत. मग मी लायब्ररीत जाते नि या लॉइड जोन्स लोकांचं कूळ उकरत बसते. राइटची आई त्यांच्यातली ना!

तर ही माणसं वेल्सची. ब्रिटनच्या पश्चिमेचा तो डोंगराळ मुलूख, त्यातल्या कार्डिगनशायरमधलं लॅनडिसिल हे त्यांचं गाव. रिचर्ड जोन्स, जन्म 1799, शेती करायचा आणि जोडीला टोप्या बनवून विकायचा. बायको मेरी, घरात तिला मॅली म्हणत. धर्माने दोघं युनिटेरियन, म्हणजे देव एकच, त्रैक्य वगैरे काही नाही असं मानणारे. तिथं आसपास त्यांची बरीच वस्ती. मग बाकीच्या कर्मठ लोकांनी त्या अख्ख्या टापूचंच नाव पाडलं ‘काळा डाग’! या घराण्याला शेजाऱ्यांनी नावं ठेवायला सुरुवात केली ती अशी तिकडेच. अमेरिकेत आल्यावरही सुटका नाही झाली, ते पुढे सांगते.

आता या रिचर्डचा बाप शोधायला गेले, तर तो निघाला जॉन इनॉक. बाप इनॉक आणि मुलगा जोन्स? म्हटलं, दत्तक गेला की काय! तसं नाही हो. वेल्सच्या खेड्यापाड्यांत कायमचं आडनाव फार उशिरा आलं. जॉनचा मुलगा म्हणून जोन्स, संपलं. आपण मधलं नाव बापाचं लावतो ना, तसंच, फक्त त्याच्यापुढे आडनावच नाही. पुढे सरकारी कागद वाढले तसं ज्या पिढीला जे नाव होतं तेच चिकटलं कायमचं. म्हणून तर तिकडे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांचा सुळसुळाट. बोटीच्या उतारूंच्या यादीत नुसता ‘रिचर्ड जोन्स’ शोधून दाखवा कुणी! रिचर्डची आई मार्गारेट ही लॉइडांची मुलगी. त्या घरात पाद्री आणि पंडित निपजलेले. नातवंडांनी तिचं ते नाव लावलं आणि मिरवलं. मिरवण्यासाठी का असेना, पण शोधणाऱ्यावर उपकारच झाले.

बरं, रिचर्ड-मॅलीच्या लग्नाची नोंद कुठे सापडावी? त्यांच्या चॅपलच्या वहीत? चुकलात! 1754 पासून 1837 पर्यंत तिकडे कायदाच असा होता की क्वेकर आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांनी लग्न लावायचं ते सरकारमान्य चर्चमध्येच. मग तुम्ही कितीही पाखंडी असा. एरवी ज्या पाद्र्याच्या पंथाशी आयुष्यभर भांडायचं, त्याच्याचपुढे जोडीनं उभं राहायचं! यांचा थोरला मुलगा 1830 चा, तेव्हा लग्न त्याच अमदानीतलं. पोरांचे बाप्तिस्मे मात्र चॅपलच्या वहीत शोधायचे. आणि त्या वह्या जागेवर आहेत का? बऱ्याचशा सरकारने 1837 नंतर मागवून लंडनला नेल्या. सरकारी जन्मनोंद सुरू झाली 1 जुलै 1837 ला, म्हणजे पहिल्या चार मुलांचे दाखले असायचा प्रश्नच नाही.

आणि खानेसुमारी? त्यांच्यासाठी तिकडची एकच कामाची, 1841 ची. आदल्या खानेसुमाऱ्यांत सगळ्यांची नावं नाहीत आणि पुढची 1851 ची होईपर्यंत हे देश सोडून गेलेले. त्यातही त्या वर्षी पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या हिशेबात खाली उतरवून लिहायची असा हुकूम. चव्वेचाळीसची बाई कागदावर चाळीसची. तुमच्या सासूबाईंना आवडली असती ती मोजणी! जाऊ दे, ऐकू जाईल त्यांना.

गाव का सोडलं म्हणता? अहो, त्या काळी वेल्समधल्या कुळांचे हाल काय विचारता. जमीनदाराचा खंड, चर्चचा दशमांश, त्यात रस्तोरस्ती टोलनाके. 1839 ते 1843 मध्ये तर त्या भागातले बाप्ये बायकांचे झगे घालून, तोंडाला काळं फासून रात्री टोलनाके फोडायला निघायचे. रेबेकाचे दंगे म्हणतात त्याला. आमचा रिचर्ड त्यात होता असा कागद मला काही सापडला नाही, उगाच कशाला बालंट घ्यायचं. पण त्याचा भाऊ जेनकिन आधीच विस्कॉन्सिनला पोचला होता. 1844 साली हेही निघाले. नवरा-बायको आणि सात मुलं. सगळ्यांत धाकटा जेनकिन, काकाचंच नाव, अजून वर्षाचा नव्हता.

न्यूयॉर्कला उतरून आत यायचं म्हणजे त्या काळी हडसन नदीतून वर, मग ईरी कालवा, मग सरोवरातली बोट, असे टप्पे. त्या वाटेत नॅनी गेली. 1840 ची ती, तीन-चार वर्षांची पोर. तिचा विचार आला की माझं काम थांबतं बघा. वेल्सच्या 1841 च्या कागदात दिसली तर दिसेल. अमेरिकेच्या एकाही खानेसुमारीत ती नाही, कारण इथली घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी पहिली खानेसुमारी 1850 ची. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकी सगळे नुसते आकडे. असल्या मधल्या फटीत किती पोरं गडप झाली असतील!

पहिला मुक्काम इक्सोनिया. जेफरसन काउंटीत आहे. त्या गावाच्या नावाची गंमत अशी सांगतात की कुणाचं एकमत होईना, तेव्हा अक्षरांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि शब्द होईपर्यंत काढतच राहिले. झालं इक्सोनिया! खरं-खोटं ते गाव जाणे. काका जेनकिन 1846 मध्ये वारला. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं, ते 1848 ला झालं. सरकारी जमीन सव्वा डॉलर एकरी. ती घ्यायची, झाडं तोडायची, खपायचं आणि चार पैसे हाती आले की पुढे सरकायचं. तसे हे लोक 1850 च्या दशकात स्प्रिंग ग्रीनला आले आणि पुढच्या दशकात नदी ओलांडून आयोवा काउंटीतल्या त्या दरीत. आयोवा राज्य नव्हे हं, विस्कॉन्सिनमधलीच काउंटी. पुष्कळजण तिथंच फसतात.

माणसं अशी हलत राहिली की माग लागतो तो खरेदीखतांवरून. इथं नवऱ्याने जमीन विकली तर बायकोची संमतीची सही लागायची, कारण तिचा त्यात हक्क. खतावर तिचं नाव आलंच! जिचं नाव दुसरीकडे कुठेच धड लिहिलेलं नसतं ती बाई तिथं सापडते. मला हे फार म्हणजे फार आवडलं. आमच्याकडे किती खटले मिटले असते.

विस्कॉन्सिनला आणखी चार मुलं झाली. दरीत सगळ्यांची शेतं एकमेकांना लागून. स्वतःचं चॅपल 1886 ला, आणि 1887 पासून नेल आणि जेन या दोन बिनलग्नाच्या बहिणींची निवासी शाळा, मुलं-मुली एकत्र शिकणारी. सगळे शिकलेले, सगळे बोलणारे, सगळ्यांचंच बरोबर! मग शेजारपाजारच्यांनी नाव ठेवलं, ‘साक्षात परमेश्वर जोन्स’. हो, असंच! राइटच्या बहिणीने, मॅजिनेलने, पुढे आठवणींचं पुस्तक लिहिलं तेव्हा तेच नाव मथळ्यात घातलं. मी तर म्हणते, त्या घराचा स्वभाव कळायला तेवढा एक शेरा पुरे. कुळाचा इतिहास लिहिणारे शेजाऱ्यांना विचारत नाहीत, तिथंच चुकतात.

तो वर्षाच्या आतला जेनकिन आठवतो? यादवी युद्धात तोफखान्यात लढला, मग शिकागोला मोठा पाद्री झाला. 1893 ची सर्वधर्म परिषद माहीत आहे ना, विवेकानंदांची? तिचा चिटणीस हाच. आपल्या मुंबईचे बी. बी. नगरकर त्याच परिषदेत हिंदुस्थानातल्या समाजसुधारणेवर बोलले होते. विवेकानंदांचं नाव पोराटोरांना पाठ, नगरकरांना विचारतो कोण.

आता खरी मजा ऐका. राइटची आई अ‍ॅना. वेल्सहून निघाली तेव्हा ती हॅना होती, इथं अ‍ॅना झाली. 1866 ला लग्न केलं ते विल्यम केरी राइटशी. बिजवर, पदरात तीन पोरं, वयाने पुष्कळ मोठा, पाद्री आणि गवय्या. त्याचा बापही बाप्टिस्ट पाद्री, तेव्हा हे ‘विल्यम केरी’ कुणावरून ठेवलं ते सांगायला नको. सेरामपूरचा केरी हो! मराठीचं व्याकरण 1805 ला आणि कोश 1810 ला ज्याने छापला तो. बघा, कुठून कुठे येतं!

संसार काही धड झाला नाही. राइटच्या आत्मचरित्रात बाप घर सोडून निघून गेला असं चित्र आहे आणि सगळी माया आईकडे. कोर्टाचे कागद निराळंच सांगतात. 1885 चा घटस्फोट मागितला होता विल्यमने, बायको नांदत नाही, नीट वागत नाही म्हणून. आणि तो त्याला मिळालाही. 1904 ला तो गेला तेव्हा त्याला पुरलं ते बेअर व्हॅलीत, पहिल्या बायकोच्या शेजारी. यावर मी काही बोलत नाही. तुम्हीच समजा.

आणि खुद्द राइट? मोठेपणी सांगत फिरायचा, माझा जन्म 1869 चा. खरा 8 जून 1867. जन्माचा दाखला नाही, मग कोण विचारतो? पण त्याची सख्खी पाठची बहीण जेन एप्रिल 1869 मध्ये जन्मलेली! बहीण एप्रिलची आणि भाऊ त्याच वर्षीच्या जूनचा? अहो, कुठल्या सुईणीला पटेल हे! बरं, घराण्याचं ब्रीदवाक्य काय, तर ‘जगाविरुद्ध सत्य’. तारखांना ते लागू नसावं.

हो हो, कबरींवरून आठवलं, चॅपलच्या आवारातल्या बिनमाणसाच्या दगडाचं सांगायचं राहिलंच की. राइट 1959 ला गेला तेव्हा त्याला चॅपलच्या त्याच आवारात पुरलं, आजोळच्या माणसांत. 1985 ला त्याची शेवटची बायको ओल्गिवाना वारली. तिची इच्छा होती म्हणून त्याला उकरून काढलं, दहन केलं आणि राख अ‍ॅरिझोनाला नेली. इथं काय आरडाओरडा झाला म्हणता! दगड अजून जागेवर आहे, लोक येतात, फुलं ठेवतात. खाली कोणी नाही. कबरीच्या फोटोवरून वंशावळ जुळवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

तर पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ या. तासाभराचा तर रस्ता. तुम्ही गाडी चालवा, मी पोळी-भाजी घेते. आधी चॅपल, मग बेअर व्हॅली. आणि राइटचं ते आत्मचरित्र घरीच ठेवा. निघायच्या आधी वाचायचे असतील तर 1850 ची खानेसुमारी आणि घटस्फोटाचे कागद वाचा, माझ्याकडे दोन्हींच्या प्रती आहेत.